साथ ओसरली, दरी रुंदावली

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



‘रोगाला जात नसते, तो गरीब-श्रीमंत पाहत नाही’ हे वाक्य २०२० साली आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकले की, ते सुभाषितासारखे पाठ झाले. विषाणूपुरते ते खरेही आहे. परंतु रोग माणसाला गाठतो तो त्याच्या घरात, त्याच्या वस्तीत, त्याच्या कामाच्या जागी. आणि घर, वस्ती व काम या तिन्ही गोष्टी आपल्याकडे शतकानुशतके जातीने वाटून दिलेल्या आहेत. त्यामुळे साथ कोणावर कशी कोसळणार, हे बऱ्याच अंशी साथ येण्यापूर्वीच ठरलेले असते. संयोजकांनी दिलेल्या ‘महामारी आणि सामाजिक विषमता’ या विषयाची मांडणी मी शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईपासून करणार आहे. त्याला कारण आहे.

१९१८ च्या जून महिन्यात इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरात उतरली. पहिली लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट संहारक ठरली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्या वर्षीच्या मृत्यूंचा हिशेब नगरपालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांनी समाजवार मांडला. इन्फ्लुएंझाने दर हजारी किती माणसे दगावली? युरोपीय ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, सवर्ण हिंदू १८.९. आणि त्या अहवालाने ज्यांना ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटले, त्यांच्यात ६१.६!

बंधू-भगिनींनो, हे आकडे मी पुन्हा सांगतो, कारण ते घाईने ऐकण्यासारखे नाहीत. युरोपियन आणि एतद्देशीय यांच्यातील अंतर समजण्यासारखे आहे. राज्य त्यांचे होते, बंगले त्यांचे होते. पण १८.९ आणि ६१.६ हे दोन्ही आकडे हिंदूंचेच आहेत. शहर तेच, ऋतू तोच, विषाणू तोच, देवदेवतादेखील त्याच. आणि मृत्यूचे प्रमाण मात्र तिपटीहून अधिक. हिंदू समाज एक आहे असे आपण व्यासपीठावरून सांगतो, तेव्हा हा आकडा समोर ठेवूनच ते सांगितले पाहिजे.

असे का घडले? इन्फ्लुएंझावर त्या काळी औषध नव्हते. रुग्णाला वाचवत होती ती शुश्रूषा. कोरडी, हवेशीर खोली, वेळेवर पाणी, पेज, पांघरूण आणि ते देणारे एखादे धडधाकट माणूस. एका खोलीत दोन-तीन कुटुंबे राहत असतील आणि सगळीच तापाने फणफणली असतील, तर पाण्याचा तांब्या पुढे करणार कोण? त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, महायुद्धामुळे धान्याचे भाव चढले होते. अर्धपोटी माणसाने एक दिवस अंथरूण धरले की, दुसऱ्या दिवशी चूल बंद. ग्रामीण भागात तर पाणवठाच निषिद्ध होता. महाडचा सत्याग्रह १९२७ चा, म्हणजे नंतरचा. घरात माणूस तापाने जळत असताना पाणी कोणीतरी वरून ओतेल याची वाट पाहणे म्हणजे काय असेल, याची कल्पना आपण करू शकत नाही.

त्याआधी बावीस वर्षे, १८९६ च्या सप्टेंबरात, मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रुग्ण ओळखला आणि पुढील काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गेले. त्या धामधुमीत पालिकेला एक मोठी धास्ती होती ती सफाई कामगारांच्या पलायनाची. मैला उचलणारा निघून गेला तर शहर चार दिवस टिकणार नाही, हे गोऱ्या आयुक्तालाही कळत होते. तो माणूस शहराला हवा होता, पण त्याची वस्ती कशी आहे, हे पाहायला कोणाला सवड नव्हती. १८९७ मध्ये ज्या समाजांकडे संपत्ती होती, त्यांनी आपापल्या ज्ञातिबांधवांसाठी प्लेगची रुग्णालये आणि छावण्या उभ्या केल्या. लोकमान्य टिळकांनी पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढले. ही सारी कार्ये आदरणीयच होती. तथापि ज्या जातीपाशी धनिक नव्हता, तिचे रुग्णालय कोण काढणार?

पुण्याच्या प्लेगचे नाव निघाले की, आपल्याला २२ जून १८९७ आठवतो, चापेकर बंधू आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या साडेतीन महिने आधीची, १० मार्च १८९७ ही तारीख आपल्यापैकी किती जणांना आठवते? हडपसरजवळच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगग्रस्तांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्या संसर्गाने त्यांना प्लेग झाला आणि त्यातच त्यांनी देह ठेवला. जातीची भिंत पाठीवर मूल घेऊन ओलांडणारी ती सहासष्ट वर्षांची माउली होती.

आता आपल्या काळाकडे येऊ. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. सूचना होत्या : घरी राहा, वारंवार हात धुवा, परस्परांत अंतर ठेवा. तिन्ही सूचना वैद्यकीयदृष्ट्या योग्य होत्या, पण त्या घर असलेल्या माणसासाठी लिहिलेल्या होत्या. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसे सामावणाऱ्या धारावीत, जेथे शौचालयदेखील सार्वजनिक आहे, तेथे अंतर ठेवायचे कोठे? जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्तातील प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. त्याच विभागांतील इमारतींमध्ये हे प्रमाण १६ टक्के होते.

जाता जाता एका शब्दाविषयी बोलतो. ‘सोशल डिस्टन्सिंग’चे भाषांतर आपण निःशंकपणे ‘सामाजिक अंतर’ असे केले. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि ‘शारीरिक अंतर’ हा शब्द आला. पण फलक तसेच राहिले. ज्या समाजाने पिढ्यान् पिढ्या सामाजिक अंतर सोसले, त्याला ‘सामाजिक अंतर पाळा’ हा उपदेश कसा वाटला असेल? घरकामाला येणाऱ्या भगिनीला फाटकावर अडवताना, तिच्यासाठी वेगळे उद्वाहन ठरवताना, किती ठिकाणी विषाणूची भीती होती आणि किती ठिकाणी जुनी सवय नव्या शास्त्राचे वस्त्र नेसून आली होती, हे ज्याचे त्याने तपासावे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. त्या पाहणीनुसार झोपडपट्टीत संसर्ग प्रचंड असूनही त्या प्रमाणात मृत्यू झाले नाहीत. तेथील लोकसंख्या तरुण आहे, हे त्याचे एक कारण मानले गेले. म्हणजे १९१८ ची विषमता मृत्यूच्या रकान्यात उघड दिसली, तशी ती या वेळी दिसली नाही. ती दिसली ताटात, कर्जाच्या वहीत आणि मुलांच्या पाटीवर. आणि या जागा अशा की, साथ गेली तरी तेथील घाव भरत नाहीत.

एक उदाहरण देतो. टाळेबंदीचा पहिला दिवस म्हणजे गुढीपाडवा होता. आपल्या दृष्टीने तो सण. तमाशा फडांच्या दृष्टीने यात्रांच्या हंगामाचा आरंभ. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा समित्या तेथे येऊन सुपारी देतात आणि चैत्र-वैशाखाच्या या कमाईवर फडाचे उरलेले वर्ष निभावते. कलावंत बहुतांश मातंग, बौद्ध, कोल्हाटी, गोपाळ अशा समाजांतले. हंगामापूर्वी फडमालक कर्ज काढून त्यांना उचल देतो. त्या पाडव्याला सारे ठप्प झाले. पुढच्या वर्षीचा पाडवा १३ एप्रिल २०२१ चा. राज्यात पुन्हा कडक निर्बंध लागले ते १४ एप्रिलच्या रात्रीपासून. लागोपाठ दोन हंगाम बुडाले. रिझर्व्ह बँकेने २७ मार्च २०२० रोजी कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, ती ऑगस्टअखेरपर्यंत चालली. ज्यांचे कर्ज बँकेचे होते, त्यांना श्वास घेता आला. सावकाराच्या व्याजाला मात्र टाळेबंदी नसते. एकाच संकटात एकाला सवलत मिळाली आणि दुसऱ्याची मुद्दल फुगली. विषमता वाढते म्हणजे नेमके काय होते, ते या एका उदाहरणात दिसते.

ऊसतोड कामगारांचे तेच. बीडकडची कोयते घेऊन गेलेली जोडपी हंगामाच्या शेवटी कारखान्यांच्या परिसरात अडकली. सव्वा लाखाहून अधिक माणसे! १७ एप्रिल २०२० रोजी त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळाली. गाव त्यांचेच; पण कित्येक वेशींवर काटेरी फांद्या टाकून रस्ते अडवलेले होते. ८ मे रोजी पहाटे जालन्याहून रुळांच्या कडेने चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली चिरडले गेले. शहडोल आणि उमरिया या वनवासी जिल्ह्यांतली ती मुले. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र देशाने पाहिले. त्यानंतर आपण काय पाहिले?

सर्वांत बिकट अवस्था पालावरच्या बांधवांची झाली. नंदीवाले, डोंबारी, वैदू, घिसाडी, बहुरूपी, पारधी... यांचे पोट फिरण्यावर अवलंबून. आणि साथीच्या काळात फिरणारा माणूस हा प्रथमदर्शनीच संशयित. हा संशय नवा नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जातीच्या जाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला, पण गावाच्या नजरेतून तो गेलेला नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले, ते मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर. टाळेबंदीत, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघरच्या गडचिंचले येथे दोन साधूंचा आणि त्यांच्या वाहनचालकाचा बळी गेला, तोही चोर समजून. परका दिसला की दगड उचलायचा, ही वृत्ती भगवी वस्त्रेही ओळखत नाही.

शासनाने धान्य दिले नाही असे नाही. एप्रिल २०२० पासून शिधापत्रिकाधारकांना माणशी पाच किलो धान्य विनामूल्य मिळू लागले. त्याने कोट्यवधी घरांत चूल पेटली, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्यासाठी शिधापत्रिका हवी. शिधापत्रिकेसाठी रहिवासाचा पुरावा हवा. पालाला घर क्रमांक नसतो. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्येच सांगितले होते की, भटक्या-विमुक्तांतील सुमारे निम्म्या लोकांकडे कोणतेच कागदपत्र नाही. तो इशारा बारा वर्षे तसाच पडून राहिला आणि मग साथ आली. मे २०२० मध्ये केंद्राने पत्रिका नसलेल्या स्थलांतरितांसाठी दोन महिन्यांचे धान्य जाहीर केले, तेव्हा अशांची संख्या आठ कोटी धरली होती. अनेक सेवाभावी संस्थांनी पालांवर शिधा पोहोचवला. त्या कार्यकर्त्यांना मी वंदन करतो. परंतु शिधा महिनाभर पुरतो. नोंद आयुष्यभर पुरते, हे मी त्यांनाही सांगत असतो.

शाळेविषयी थोडेच बोलतो. मार्च २०२० मध्ये बंद झालेली पहिली-दुसरीची शाळा राज्यात उघडली ती १ डिसेंबर २०२१ ला. ‘असर’च्या २०२० च्या पाहणीत ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांपैकी सुमारे ६२ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन आढळला. उरलेल्यांची शाळा ऑनलाइन भरलीच नाही. आणि फोन असला तरी तो बापाच्या खिशात, बाप कामावर. पाचवी ते आठवीचे ग्रामीण वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा सुरू झाले आणि त्याच महिन्याच्या मध्यास गाळप हंगाम सुरू झाला. शाळा उघडली तेव्हा ऊसतोड कामगाराच्या पोराने दप्तर बांधायचे की बिऱ्हाड? चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीचे तर विचारूच नका. तिचे लग्न लावले की कोयत्याची आणखी एक जोडी तयार होते आणि तेवढी उचल वाढते.

आता मी १९१८ पासून आरंभ का केला ते सांगतो. ६१.६ हा आकडा आज आपल्याला बोचतो, कारण कोणीतरी तो मोजला होता. परक्या राजवटीच्या एका आरोग्याधिकाऱ्याने मोजला. त्याचा हेतू काय होता, हा भाग वेगळा. २०२० आणि २०२१ मध्ये मृत्यूचे आकडे रोज सायंकाळी जाहीर होत होते : जिल्हावार, वयोगटवार. समाजवार आकडा प्रसिद्ध झाला नाही. पालावर किती माणसे गेली, याचे उत्तर कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. मोजल्याने समाज फुटतो, असा एक युक्तिवाद आपल्यातील काही ज्येष्ठ मंडळी करतात. मला तो पटत नाही. जखम मोजल्याने मोठी होत नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय घेतला. त्या जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ आहे. म्हणजे प्रगणक घरोघरी फिरतील ते साधारण फेब्रुवारीत. फेब्रुवारीत ऊसतोड कामगार कारखान्याच्या फडात असतो, भटका कुठल्यातरी माळावर असतो. बेघरांची मोजणी एका रात्रीत उरकण्याची आपली रीत आहे; २०११ साली ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. तेव्हा या सभागृहातील तरुणांना माझी विनंती आहे. आपल्या तालुक्यात कोणत्या माळावर, कोणत्या पुलाखाली, कोणत्या कारखान्याच्या आवारात किती पाले पडतात, याची यादी आधीच करावी. ती तहसील कार्यालयात द्यावी. आणि त्या रात्री प्रगणकाला वाट दाखवायला सोबत जावे. त्याच्याजवळ पत्ता नसेल.