नरसिंहाचे मस्तक

(शाळांच्या वार्षिक स्नेहसंमेलनांपूर्वी शिक्षक, पालक आणि कार्यकर्ते यांच्यासाठी झालेल्या कार्यशाळेतील भाषण)



स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की बहुतेक शाळांत एक प्रश्न हमखास उभा राहतो. भक्त प्रल्हादाचे नाट्य बसवायचे ठरते. प्रल्हाद मिळतो, हिरण्यकश्यपू मिळतो, पुठ्ठ्याचा खांबही उभा राहतो. पण त्या खांबातून प्रकट होणाऱ्या नरसिंहाचे मस्तक आणायचे कोठून? मग कोणीतरी पोशाख भाड्याने देणाऱ्या दुकानात जातो आणि प्लॅस्टिकचा एक पातळ मुखवटा घेऊन येतो. रबरी दोरा कानामागे अडकवून मुलगा रंगमंचावर येतो, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी मुखवटा दुकानात परत जातो. कार्यक्रम पार पडला, एवढेच म्हणायचे. पाहणाऱ्याच्या अंतःकरणात नरसिंह अवतरला का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

वास्तविक पाहता हे मस्तक घरच्या रद्दीतून आणि मूठभर मैद्याच्या खळीतून घडवता येते. ते कसे घडवावे हे सांगण्यापूर्वी, ते हातानेच का घडवावे याचा विचार करणे आवश्यक आहे.

मुखवटा म्हणजे जबाबदारी

तामिळनाडूत तंजावरजवळ मेलत्तूर नावाचे गाव आहे. दरवर्षी नरसिंह जयंतीच्या सुमारास तेथे भागवत मेळा होतो आणि ‘प्रल्हाद चरितम्’ हे नाटक रात्रभर चालते. या नाटकांचे कर्ते मेलत्तूर वेंकटराम शास्त्री अठराव्या शतकात, तंजावरच्या भोसले राजांच्या काळात होऊन गेले. तामिळ भूमी, तेलुगू भाषेतील नाटक आणि राज्य मराठी घराण्याचे. भारताची सांस्कृतिक एकात्मता याहून वेगळी काय असते? मेलत्तूरचा नरसिंहाचा मुखवटा मंदिरात असतो, त्याची पूजा होते आणि तो धारण करणारा त्या दिवशी उपवास करतो. मुखवटा चढल्यावर त्याचा आवेश अनावर होतो, म्हणून त्याला आवरण्यासाठी माणसे सज्ज असतात.

येथे मुखवटा चेहरा लपवण्यासाठी नाही. तो ज्याच्या मस्तकावर येतो त्याच्यावर जबाबदारी टाकतो. हा भाव एका मेलत्तूरपुरता मर्यादित नाही.

आपल्या महाराष्ट्रातच पाहा. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा आणि नाशिक जिल्ह्याचा लगतचा डोंगराळ भाग येथे वनवासी समाजाचा बोहाडा होतो. होळीनंतर आणि पावसापूर्वीच्या दिवसांत, रात्रीच्या वेळी, मशालींच्या उजेडात, संबळ-सनईच्या नादावर एकेक सोंग गावच्या वाटेवरून नाचत येते. गणपती येतो, नरसिंह येतो, मारुती येतो, रावण येतो. अखेरीस जगदंबा आणि महिषासुर यांचे युद्ध होते. अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. आजोबांनी धारण केलेले मस्तक नातू धारण करतो. जे मुखवटे पूर्वी लाकडात कोरले जात, ते आता बऱ्याच प्रमाणात कागदाच्या लगद्याचे होतात. लाकूड जड, मिळण्यास कठीण; कागद हलका आणि सहज हाती येणारा. साधन बदलले, सोंगाचे व्रत बदलले नाही.

पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील चरिदा हे गाव छाऊ नृत्याच्या मुखवट्यांसाठी प्रसिद्ध आहे. मातीचा साचा उन्हात वाळवायचा, त्यावर बारीक राख भुरभुरायची, खळीत भिजवलेल्या मऊ कागदाचे आठ-दहा थर चढवायचे, वर चिकणमाती आणि कापड यांचा लेप द्यायचा आणि लाकडी हत्याराने घोटून नाक-डोळे उठावदार करायचे, ही तेथील पद्धत. राखेमुळे कागद साच्याला चिकटत नाही. छाऊ नृत्याला 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले, पुरुलियाच्या मुखवट्याला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि चरिदाचे मुखवटाकार नेपाल चंद्र सूत्रधार यांना 2024 मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. आसामच्या माजुली बेटावर श्रीमंत शंकरदेवांच्या परंपरेतील सत्रांमध्ये बांबूचा सांगाडा, कापड, माती आणि शेण यांतून मुखवटे घडतात. त्या कलेचे साधक हेमचंद्र गोस्वामी यांना 2023 मध्ये पद्मश्री लाभली.

कागदाच्या लगद्याचे तंत्र काश्मीरमध्ये पंधराव्या शतकात सुलतान झैनुल आबिदीनच्या काळात मध्य आशियातून आले, असे मानले जाते. तंत्र कोठूनही येवो. त्यातून काय घडवायचे हे समाजाची श्रद्धा ठरवते. मराठी घरातील आजीलाही लगदा परका नव्हता. रद्दी भिजवून, कुटून, त्यात मेथ्यांची पूड घालून ती भांड्यावर थापायची आणि वाळल्यावर पाटी तयार व्हायची. मेथीमुळे कीड लागत नसे. त्याच लगद्यातून सिंहाच्या भुवया आणि नाक घडतात.

मस्तक कसे घडवावे

प्रथम माप घ्यावे. नरसिंह होणाऱ्या मुलाच्या डोक्याचा घेर मोजून त्यात चुंबळीसाठी जागा धरावी. डोक्यावर हंडा घेताना जशी कापडाची चुंबळ लागते, तशीच ती या मस्तकाच्या आतही लागते. तिच्यामुळे भार टाळूवर समान पडतो आणि मस्तक डगमगत नाही.

त्या मापाचे घमेले वा मडके पालथे घालून त्यावर शाडू मातीने सिंहाचा आकार उभारावा. जबडा पुढे आणि उघडा ठेवावा, गालफडे रुंद करावीत. आकार थोडा अतिशयोक्त असू द्यावा, कारण सभागृहातील शेवटच्या रांगेला बारकावे दिसत नाहीत, ठळक रेषाच दिसतात.

एक वाटी मैदा थंड पाण्यात गुठळी न होता कालवून, एकूण पाच वाट्या पाण्यात मंद आचेवर शिजवावा. पारदर्शक झाला की खळ तयार झाली. खळीला कीड लागू नये म्हणून पूर्वी त्यात मोरचूद घालत. मुलांच्या मुखवट्यात ते मुळीच घालू नये, कारण ते विषारी आहे.

कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा. फाटलेल्या कडा एकमेकींत मिसळून जातात, कापलेल्या कडा उठून दिसतात. दोन बोटे रुंद पट्ट्या घ्याव्यात. पहिला थर केवळ पाण्यात भिजवलेल्या कागदाचा द्यावा, म्हणजे मस्तक मातीपासून सुटते. पुढचे थर खळीचे. एक थर वर्तमानपत्राचा आणि एक खाकी कागदाचा, असे आलटून पालटून दिले तर कोठे जागा राहून गेली ते मुलांनाही कळते. असे आठ थर पुरेत. प्रत्येक दोन थरांनंतर वाळू द्यावे. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो. एका दिवसात सगळे थर चढवले तर वरून वाळलेले मस्तक आतून ओले राहते आणि त्याला बुरशी येते.

पूर्ण वाळल्यावर मागच्या बाजूने उभा छेद घेऊन मस्तक साच्यावरून काढावे आणि छेद पुन्हा कागद-खळीने सांधावा. मग लगद्याने भुवया, नाकपुड्या आणि ओठांची कड घडवावी. तेही वाळले की पॉलिश पेपरने घासून पांढऱ्या रंगाचा हात द्यावा आणि त्यावर पिवळा, तांबडा, काळा असे रंग चढवावेत. आयाळीसाठी तागाचे धागे किंवा काथ्या उत्तम.

दृष्टीचा विचार सर्वांत महत्त्वाचा. सिंहाचे रंगवलेले डोळे मुलाच्या डोळ्यांच्या बरेच वर येतात. मुलाने उघड्या जबड्यातून पाहायचे असते. त्या जागी काळे, विरळ जाळीदार कापड लावले की प्रेक्षकांना आत काही दिसत नाही, मुलाला मात्र बाहेरचे सर्व दिसते. कानांच्या मागे हवेसाठी छिद्रे ठेवावीत. आठवडाभर आधीपासून मस्तक घालूनच तालीम करावी. ताग आणि कागद चटकन पेटतात, म्हणून शेवटच्या आरतीत निरांजन मस्तकापासून दूर राहील याची काळजी एका जबाबदार व्यक्तीकडे सोपवावी.

रंग देण्यापूर्वी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी. ज्या रूपापुढे जाण्यास देवही कचरले, त्या रूपाजवळ लहानगा प्रल्हाद निर्भयपणे गेला. म्हणून या सिंहाच्या मुद्रेत क्रोध असावा, पण क्रौर्य नसावे. तो भेद रेखाटण्यासाठी मुले जेव्हा भुवई चार वेळा पुसून पुन्हा काढतात, तेव्हा ती प्रल्हादाची कथा खऱ्या अर्थाने ऐकत असतात.

भिंतीवरचा मुखवटा

आता थोडे कटू वाटेल असे. जव्हारचा मुखवटा आज शहरातील अनेक सुखवस्तू घरांच्या भिंतीवर दिसतो. वनवासी संस्कृतीबद्दल अभिमानाने बोलणारी मंडळीच प्रदर्शनात त्याची किंमत कमी करून घेण्यासाठी घासाघीस करतात. चार दिवस खपून, उन्हाकडे लक्ष ठेवून घडवलेल्या वस्तूचे मोल आपण प्लॅस्टिकशी तुलना करून ठरवतो. दुसरीकडे, जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर मजुरीसाठी बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बोहाड्याचे दिवस नेमके याच काळात येतात. ज्या घराकडे सोंगाचा मान, त्या घराचा कर्ता भट्टीवर असेल तर मस्तक कोणी धारण करायचे?

भिंतीवर टांगलेल्या मुखवट्याने कारागिराला थोडे पैसे मिळतात, हे खरे आणि आवश्यकही. परंतु मुखवटा जगतो तो मशालीच्या उजेडात, घामाने भिजलेल्या मस्तकावर. सोंग थांबले की तो केवळ शोभेची वस्तू उरतो आणि मग त्याची जागा कोणतीही दुसरी शोभेची वस्तू घेऊ शकते. या परंपरेचे रक्षण केवळ गौरवाच्या भाषणांनी होणार नाही, हे विसरून चालणार नाही.

करण्यासारखे बरेच आहे आणि ते आवाक्यातलेही आहे. शाळेच्या कार्यशाळेला जव्हार भागातील मुखवटाकाराला गुरू म्हणून सन्मानाने बोलवावे, प्रवासखर्च आणि योग्य मानधन द्यावे, मुलांनी त्याला गुरुजी म्हणावे. बोहाड्याला सहकुटुंब जावे, छायाचित्रे काढून अर्ध्या रात्री न परतता जगदंबेच्या युद्धापर्यंत थांबावे. ज्या कार्यकर्त्यांचे त्या भागात काम आहे, त्यांनी गावात राहूनच रोजगार कसा मिळेल याचा प्रयत्न करताना सोंगाचे मानकरी असलेल्या घरांचाही विचार करावा.

आणि शाळेत घडवलेले नरसिंहाचे मस्तक कार्यक्रमानंतर अडगळीत टाकू नये. कोरड्या जागी, कापडात गुंडाळून, मेथ्यांची पुरचुंडी ठेवून ते जपावे. त्याच्या आतल्या बाजूस, जेथे प्रेक्षकांची दृष्टी पोहोचत नाही, तेथे ते घडवणाऱ्या मुलांची आणि दरवर्षी ते धारण करणाऱ्याची नावे लिहावीत. पाच-सात वर्षांनी एखादा विद्यार्थी ते डोक्यावर घेण्यापूर्वी आत डोकावेल आणि आपल्या आधी कोण कोण होते ते वाचेल. त्या रात्री तो उभा राहील तो अधिक ताठ मानेने.

यंदाच्या संमेलनाला अजून पुरेसे दिवस हाती आहेत. रद्दी घरोघरी आहे, शाडू माती मिळते, मैदा स्वयंपाकघरात आहे. भाड्याच्या दुकानाकडे वळणारी पावले यंदा थांबावीत, एवढीच विनंती.