भुताची करंडी

मेघालयांतील गारो लोक घटपर्णीला ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची करंडी, म्हणतात. पानाच्या टोकाशीं लोंबणाऱ्या झांकणदार सुरईंत कीटक घसरून पडतो व तेथेंच पचून जातो. निकस जमिनींत नत्र मिळविण्याची केवढी ही युक्ति! भारतांतील रानांत घटपर्णीची ही एकच जात. आणि शौकिनांसाठीं तीच मुळासकट उपटून नेतात.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यांत १९९१ सालीं घातलेल्या कलमांनुसार ती परवानाधारक विक्रेत्याखेरीज कोणाकडून विकत घेणेंहि निषिद्ध आहे. तेव्हां आधीं परवाना पाहावा. रोप बियांपासून वा ऊतिसंवर्धनानें वाढविलेलें आहे काय, हें विचारावें. फाटक्या पानांची, तुटक्या मुळांची करंडी स्वस्तांत दिसली, तर माझ्या मतें ती कींव येऊनहि घेऊं नये. विकलेल्या रोपाच्या जागीं रानांतलें दुसरें उपटलें जातें.