पाणी जमिनीचें कीं माणसांचें ?

(गांवच्या सभेंत एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



गांवाची सुधारणा व्हावी असें सारेच म्हणतात. पण तलाव सरकारनें बांधला तरी त्याच्या पाण्याची वांटणी गांवानेंच करावयाची असते. ती न्यायाची नसेल, तर सुधारणा म्हणजे भरल्या घरांत आणखी भर !

याचा दाखला पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांत आहे. १९७२ च्या दुष्काळांत तेथील शेतकरी खडी फोडीत होते. विलासराव साळुंखे या इंजिनियर गृहस्थांनीं तें पाहिलें. नायगांव येथें देवस्थानची ४० एकर उजाड जमीन त्यांनीं खंडानें घेतली, बांध घातले, पावसाचें पाणी अडविलें. माळावर पीक उभें राहिलें. त्यांतूनच पाणी पंचायत निघाली.

तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या मापानें नव्हे, घरांतील माणसें मोजून द्यावयाचें : माणशीं अर्ध्या एकराचें, कुटुंबास फार तर अडीच एकरांचें. ऊंस लावावयाचा नाहीं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाहीं. भूमिहीनासही हक्क आहे. खर्चाचा पांचवा हिस्सा सभासदांनीं भरावयाचा व पाटकरी त्यांनींच नेमावयाचा.

कोणी म्हणेल, ज्याला जमीनच नाहीं तो सुतार, तो मजूर पाणी घेऊन काय करील ? त्यानें आपलें पाणी शेजाऱ्याच्या कोरड्या तुकड्यास द्यावें व पीक वांटून घ्यावें. रिकाम्या हातानें वाटा मागणें निराळें, पाण्याचा धनी होऊन मागणें निराळें. मात्र जमीनवाला नको म्हणाला, तर तो हक्क कागदावरच वाळतो. म्हणून नियमाइतकीच एकी हवी.

१९९३ पासून ग्रामसभेस राज्यघटनेंत स्थान आहे. तेथें प्रत्येक मतदारास बसण्याचा व विचारण्याचा हक्क आहे. त्याच्या नांवें सातबारा असो वा नसो. तेव्हां येत्या ग्रामसभेंत विचारा : आपल्या तलावावर मोटारी किती व कोणाच्या ? पाणी किती एकरांस जातें ? हिशेब कोठें आहे ? ज्यास वाचतां येत नाहीं, त्यानें शाळेंतल्या मुलाकडून तो वाचवून घ्यावा.

मायबहिणींनो, घागर तुमच्या डोक्यावर आणि ठराव पुरुषांचा, हें आतां पुरे. पुढच्या सभेस तुम्ही आधीं या.