मैदानावरची कमाई आणि वर्गातलं देणं



अमेरिकेतल्या कॉलेजांचे खेळ हा आज प्रचंड मोठा आर्थिक व्यवहार झाला आहे. मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात एका वेळी लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. दर मार्चमध्ये होणाऱ्या कॉलेज बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणासाठी 2010 साली 14 वर्षांचा करार झाला, तो 10.8 अब्ज डॉलरचा होता. कित्येक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे राज्य विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. आणि ज्यांच्या खेळावर हे सगळं उभं आहे, ती मुलं विशीच्या आसपासची आहेत.

या मुलांना काय मिळतं, असं विचारलं की एनसीएए ही कॉलेज खेळांची नियामक संघटना अनेक दशकं एकच उत्तर देत आली. त्यांना शिक्षण मिळतं. फी माफ होते, राहण्याजेवणाचा आणि पुस्तकांचा खर्च निघतो, हाती पदवी पडते. पैसे दिले तर ती व्यावसायिक होतील आणि कॉलेजच्या खेळाचं पावित्र्य जाईल, असं संघटनेचं म्हणणं होतं.

हे उत्तर आपण क्षणभर खरं मानू. शिक्षण हाच खेळाडूचा मोबदला असेल, तर ते शिक्षण पुरतं आणि खरं मिळालं का, हा प्रश्न निव्वळ गुणवत्तेचा राहत नाही. तो मजुरीचा प्रश्न होतो. मजुरी धान्यात द्यायची ठरली आणि पोत्यात भुसा भरून दिला, तर मजुरी चुकती झाली असं कोणी म्हणणार नाही. अमेरिकेत अनेक खेळाडूंच्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

केव्हिन रॉस या बास्केटबॉल खेळाडूची हकिगत मुद्दाम सांगतो. 1978 साली नेब्रास्कातल्या क्रेटन विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊन बोलावलं. त्याची शैक्षणिक तयारी तिथल्या इतर विद्यार्थ्यांच्या मानाने फार कमी होती. पुढे त्याने विद्यापीठावर जो दावा लावला, त्यात म्हटलं होतं की त्याला नेमबाजी आणि बास्केटबॉलचे सिद्धांत असे विषय घ्यायला लावले गेले, आणि त्याचे लेखी पाठ तयार करण्यासाठी एक सचिव नेमली गेली. चार वर्षं खेळून 1982 मध्ये तो पदवीविनाच बाहेर पडला. तेव्हा त्याचं वाचन सातवीच्या मुलाएवढं आणि एकूण भाषा चौथीच्या मुलाएवढी होती. सहा फूट नऊ इंच उंचीचा हा तरुण मग शिकागोत मार्व्हा कॉलिन्स या शिक्षिकेच्या शाळेत लहान मुलांच्या शेजारी बसून शिकला. वर्गमित्रांसमोर बाकावर बसायला जे धैर्य लागलं असेल, त्यापुढे मैदानावरचं धैर्य मला किरकोळ वाटतं.

1992 मध्ये अपील न्यायालयाने या दाव्यावर महत्त्वाचा निर्णय दिला. शिक्षण कमी प्रतीचं होतं, म्हणून भरपाई मागता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. पण शिक्षणात सहभागी होण्याची संधी देण्याचं वचन विद्यापीठाने दिलं होतं आणि ती संधीच दिली नाही, या मुद्द्यावर करारभंगाचा दावा चालू शकतो, असंही त्याने मान्य केलं. प्रकरण पुढे तडजोडीने मिटलं. शिष्यवृत्ती म्हणजे उपकार नव्हे, तो दोन्ही बाजूंनी पाळायचा करार आहे, हे मात्र त्यातून नोंदलं गेलं.

संघटनेने याआधी उपाय शोधला होता तो प्रवेशाच्या दारावर. 1983 साली ठरलेला आणि 1986 पासून लागू झालेला नियम असा होता की पहिल्या वर्षी खेळायचं असेल तर शाळेच्या मुख्य विषयांत किमान सरासरी हवी आणि सॅट या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत किमान 700 गुण हवेत. हेतू चांगला होता. पण चाळणीत अडकली ती मुख्यतः गरीब वस्त्यांतल्या, अपुऱ्या शाळांत शिकलेली कृष्णवर्णीय मुलं. 1989 मध्ये हा नियम आणखी कडक करून अशा मुलांची शिष्यवृत्तीच बंद करण्याचं घाटत होतं, तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्पसन सामना सुरू होण्याआधी मैदान सोडून निघून गेले. त्यांचा निषेध मला योग्य वाटतो. शाळेने जे दिलं नाही त्याची शिक्षा मुलाला का? कसोटी घ्यायची तर मुलगा आत आल्यावर कॉलेज त्याच्यासाठी काय करतं, याची घ्यावी.

त्या कसोटीवर मोठमोठी नावंही टिकली नाहीत. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ हे अमेरिकेतल्या नामवंत सरकारी विद्यापीठांपैकी एक. तिथे 1993 ते 2011 अशी अठरा वर्षं एका विभागात तास न घेताच गुण दिले जात होते. एक निबंध जमा केला की चांगली श्रेणी मिळे. 2014 च्या चौकशी अहवालानुसार अशा वर्गांचा लाभ सुमारे 3,100 विद्यार्थ्यांनी घेतला आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. 2017 मध्ये एनसीएएने विद्यापीठाला याबद्दल दंड केला नाही. कारण काय, तर हे वर्ग फक्त खेळाडूंसाठी नव्हते, सगळ्यांना खुले होते! शिक्षण हाच मोबदला, असं सांगणाऱ्या संघटनेने तो मोबदला खोटा निघाला तेव्हा हात वर केले.

आणि जिथे वर्ग खरे आहेत तिथे वेळ नसतो. खेळासाठी आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास, असा नियम 1991 पासून आहे. पण नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल खेळाडूंनी कामगार संघटना करण्याचा हक्क मागितला, तेव्हा 2014 च्या सुनावणीत हंगामातला आकडा आठवड्याला चाळीस ते पन्नास तास निघाला. त्यांचा नेता केन कोल्टर याला डॉक्टर व्हायचं होतं. आवश्यक विषयाचा तास आणि सरावाची वेळ एकच आल्याने त्याला तो मार्ग सोडावा लागला. ही मुलं कर्मचारीच आहेत, असा निर्णय राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने दिला. पुढच्या वर्षी खुद्द मंडळाने त्यात हात घालायचं नाकारलं.

आता काळ पालटला आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनसीएएविरुद्धच्या ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य असा कौल दिला आणि शिक्षणाशी निगडित लाभांवर संघटनेने घातलेली मर्यादा बेकायदा ठरवली. त्याच वर्षी जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या आणि छबीच्या जाहिरातींतून कमाई करायची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या, खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या तडजोडीनुसार माजी आणि आजी खेळाडूंना सुमारे 2.8 अब्ज डॉलर भरपाई मिळायची आहे. शिवाय एक कॉलेज पहिल्या वर्षी आपल्या खेळाडूंना 20.5 दशलक्ष डॉलरपर्यंत थेट वाटू शकतं.

हा न्याय उशिरा आला, तरी तो न्याय आहे आणि मी त्याचं मनापासून स्वागत करतो. काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. पैसे दिले, आता शिक्षणाचं देणं फिटलं, असं कोणी समजू नये. या पैशाचा मोठा भाग मुलांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉललाच जाणार. पोहणाऱ्या, धावणाऱ्या, नौका वल्हवणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला फारसं काही येणार नाही. व्यावसायिक खेळात जाणारे तर शंभरात दोनही नसतात. बाकीच्यांना चाळीस वर्षं जगायचं आहे ते पदवीच्या आधारावर. अधिक पैशांसाठी वारंवार कॉलेज बदलणाऱ्या मुलाचे जुने श्रेयांक नव्या ठिकाणी धरले जातीलच, असंही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. कमाईतला वाटा रोख द्यावा, आणि त्याबरोबर तीन गोष्टी करारात लिहून द्याव्यात. दुखापत झाली किंवा संघातून वगळलं तरी पदवी मिळेपर्यंत शिष्यवृत्ती चालू राहील. सरावाच्या वेळेमुळे कोणाचा विषय बुडणार नाही. आणि खेळाडूच्या अभ्यासावर देखरेख खेळ विभागाची नसेल, प्राध्यापकांची असेल.

श्रोतेहो, आपल्याकडच्याही काही घरांतली मुलंमुली टेनिस, पोहणं, स्क्वॉश अशा खेळांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत जाण्याचं स्वप्न पाहतात. विद्यार्थी व्हिसावर काम करून पैसे मिळवण्यावर कडक बंधनं आहेत. त्यामुळे जाहिरातींच्या कमाईचं नवं दार त्यांना सहज उघडणारं नाही, आणि शिक्षण हाच त्यांचा खरा मोबदला राहतो. तेव्हा प्रशिक्षकाचा फोन आला की आनंदाच्या भरात होकार देऊ नका. शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार वर्षांची, ते विचारा. गुडघा मोडला तर उपचार कोण करील, ते विचारा. या संघातल्या किती जणांनी पदवी घेतली आणि कोणत्या विषयात, तेही विचारा. उत्तरं लेखी मागा. ज्या कॉलेजला शिक्षण द्यायचं आहे, त्याला ती लिहून देण्यात अडचण वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल, तिथे आपल्या मुलाला पाठवू नका.