डोळ्यातली जाळी तुंबते तेव्हा



निफाडकडचे एक आजोबा माझ्याकडे आले. वय ७२, द्राक्षबागायतदार. म्हणाले, ‘‘डॉक्टर, मोतीबिंदू आता चांगला पिकलाय, काढून टाका.’’ उजव्या डोळ्याने दोन वर्षांपासून कमी दिसत होते. पण आधी छाटणी, मग माल, मग पाऊस, असे करता करता राहून गेले. दाब मोजला तर ३८. साधारणपणे तो १० ते २१ असतो. मोतीबिंदू होताच, पण त्याच्या आड काचबिंदूही बसला होता. शस्त्रक्रिया नीट झाली. नजर मात्र समोरची बोटे मोजण्यापुरतीच आली.

त्यांना समजावताना ठिबक उपयोगी पडले. पंपाशेजारी जाळीचा फिल्टर असतो. जाळीत कचरा बसला, तरी पंप पाणी ढकलतच राहतो आणि फिल्टरच्या अलीकडचा काटा चढतो. डोळ्यात तेच होते. आत एक पाणी सतत तयार होत असते. हे अश्रू नव्हेत. वेग इतका कमी, की एक थेंब भरायला वीसेक मिनिटे लागतात. बाहुलीतून पुढे येऊन हे पाणी डोळ्याच्या कोनात, म्हणजे पुढचे पारदर्शक पटल आणि रंगीत पडदा जिथे मिळतात तिथे, एका बारीक जाळीतून झिरपते. जाळीपलीकडे गोल नाली असते. फ्रीडरिख श्लेम या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३० मध्ये तिचे वर्णन केले. तिथून पाणी रक्तात जाते.

या जाळीला झाडणारे कामगारही असतात. तिच्यावरच्या पेशी अडकलेला कचरा गिळतात. वय वाढते तशा या पेशी कमी होतात, धागे जाड आणि ताठ होतात, नाली अरुंद होते. वयाबरोबर पाणी तयार होणेही थोडे मंदावते, म्हणून बहुतेकांचे निभते. ज्यांचा निचरा त्याहून जास्त घटतो, त्यांचा दाब चढतो आणि मागची नस हळूहळू सुकते.

दुसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. डोळ्यातले भिंग आयुष्यभर जाड होत जाते. ते पडद्याला पुढे ढकलते आणि कोन चिंचोळा होतो. लहान डोळ्यांत, त्यातही बायकांत, अधिक. मोतीबिंदू पिकून फुगला तर कोन बंदच होऊ शकतो. तेव्हा ‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला शेजाऱ्याचा असो वा नातेवाइकाचा, मला त्याची धास्तीच वाटते. कोन एकाएकी बंद झाला, तर डोळा लाल होतो, डोके फुटते, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. माणसे पित्ताची गोळी घेऊन झोपतात आणि मोलाचे तास जातात.

पण बहुतेक काचबिंदू गुपचूप येतो. आधी कडेची नजर जाते, दुसरा डोळा सांभाळून घेतो. आपल्या देशात झालेल्या पाहण्यांत दहापैकी नऊ रुग्णांना आजाराचा पत्ताच नव्हता. काहींचा दाब नेहमीचा असूनही नस सुकते. म्हणून चाळिशीनंतर चष्म्याचा नंबर काढताना दाब, कोन आणि मागची नस, तिन्ही बघून घ्या. डोळा लाल झाला म्हणून मेडिकलमधून स्वतःच स्टेरॉइडचे थेंब आणू नका. ते काही जणांची जाळी आणखी तुंबवतात.

गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखता येते: थेंबांनी, लेसरने, कधी निचऱ्याची नवी वाट करणाऱ्या शस्त्रक्रियेने. कोन बंद होत आलेल्या डोळ्यातले भिंग लवकर काढणेही फायद्याचे ठरते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसले.

आजोबांचा डावा डोळा वाचला. पडद्याला लेसरने बारीक छिद्र पाडले, रात्रीचा थेंब सून घालते. हा आजार घराण्यात उतरतो, म्हणून ४६ वर्षांच्या मुलालाही तपासणीला बोलावले आहे. काढणी झाल्यावर येतो, म्हणाला.