खाण तशी माती?

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, कौतुक करायला तुमची घरची मंडळी समर्थ आहेत. मला बोलायचंय ते आपल्या मानसशास्त्राच्या एका जुन्या खोडीबद्दल. माणूस असा का वागतो, या प्रश्नावर ‘रक्तातच आहे’ हे उत्तर लोकांना पटकन पटतं, आणि त्यावर जनुकांचा शिक्का मारून द्यायला आमचा व्यवसाय नेहमीच उतावीळ असतो.

२००३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक शोधनिबंध आला. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात लहानपणापासून ज्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या, अशा साडेआठशेच्या आसपास तरुणांवरून कॅस्पी आणि सहकाऱ्यांनी असं मांडलं की, सेरोटोनिनशी निगडित एका जनुकाचं आखूड रूप ज्यांच्याकडे असतं, त्यांना आयुष्यात आघात झाले की नैराश्य अधिक गाठतं. जनुकालाही मान आणि परिस्थितीलाही मान; मांडणी इतकी देखणी की तिच्यावर बघता बघता निबंधांचा ढीग साचला, ती पाठ्यपुस्तकांत शिरली. २००९ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा १४ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं, त्यात काही हाती लागलं नाही. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. अखेर २०१९ मध्ये बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी नैराश्याशी जोडलेली १८ गाजलेली जनुकं लाखो लोकांच्या नोंदींवर तपासली. ती उगाच कुठूनही उचललेल्या जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत. संशोधनात चुका होतातच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एवढी वर्षं तोकड्या नमुन्यांवर माड्या चढत राहिल्या आणि पाया तपासणाऱ्यांनाच अरसिक ठरवलं गेलं, याचा राग मला अजून आहे.

यावर कुणी म्हणेल, मग आनुवंशिकता खोटी का? मुळीच नाही. उलट जिथे एकच जनुक निर्णायक असतं, तिथेच ‘रक्तातलं बदलत नाही’ हा समज पुरता कोसळतो. १९३४ मध्ये नॉर्वेच्या फोलिंग या डॉक्टरांनी दोन भावंडांच्या लघवीत फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले आणि लघवी हिरवी झाली. दोघांचीही बौद्धिक वाढ खुंटलेली. आईने एकामागून एक डॉक्टर पालथे घातले होते. फिनाइलकीटोन्युरिया हा आजार असा सापडला. प्रथिनांतलं फिनाइलअलानिन शरीराला मोडता येत नाही, ते साठून मेंदूला इजा करतं. दोष जन्मजात आणि पूर्णपणे आनुवंशिक. तरीही जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतच फिनाइलअलानिन मोजूनमापून देणारा आहार सुरू केला, तर मूल इतरांसारखं शिकतं. जनुक होतं तसंच राहतं.

उत्क्रांतीतून आलेल्या स्वभावाचंही तेच. सुझन मिनेका आणि मायकेल कुक यांच्या प्रयोगांत प्रयोगशाळेत वाढलेली ऱ्हीसस माकडं सापाला घाबरत नव्हती. दुसरं माकड सापाला घाबरतंय अशी चित्रफीत दाखवली की तीही घाबरायला शिकली. चित्रफितीत सापाच्या जागी फुलं आणली तर मात्र शिकली नाहीत. म्हणजे पूर्वजांकडून आलेली ती भीती नव्हे, भीती शिकण्याची तयारी. म्हणून आवर्जून सांगतो, समोरच्या पालकांना ‘आनुवंशिक आहे’ म्हणून वाक्य संपवू नका. काय बदलता येईल, हे पुढचं वाक्य त्यांना ऐकायला मिळालंच पाहिजे.

खरा बोचरा आक्षेप याच्या नेमका उलट आहे. परिस्थितीवर भर दिला की खापर आईच्या डोक्यावर फुटतं. हे घडलेलं आहे. ब्रूनो बेटलहाइम यांच्यासारख्या तज्ज्ञांनी स्वमग्न मुलांच्या आयांना थंड काळजाच्या ठरवलं आणि बायकांनी तो ठपका वर्षानुवर्षं सोसला. त्यातून त्यांना सोडवण्यात जीवशास्त्राचा वाटा मोठा. १९७७ मध्ये फोलस्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. भिन्न जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकीतही दोघं स्वमग्न नव्हते. एकसारख्या जुळ्यांच्या ११ पैकी ४ जोड्यांत होते. स्वमग्नतेच्या आनुवंशिकतेचा एवढा ठळक पुरावा तोवर कुणी दिला नव्हता. आणि त्याच तक्त्यात उरलेल्या ७ जोड्याही आहेत. तिथल्या दुसऱ्या भावंडांपैकी बऱ्याच जणांना भाषेच्या वा आकलनाच्या अडचणी होत्या, पण स्वमग्नता नव्हती. तो निबंध मिळवा आणि ४ बरोबर ७ चाही विचार करा.