दुव्यांची पारख

जुन्या वाड्याच्या दिंडीवर एखादी पाटी टांगलेली असते : ‘वैद्य शेजारच्या वाड्यात बसतात.’ पाटी म्हणजे वैद्य नव्हे, हे कोणास सांगावे लागत नाही. वैद्यांनी बिऱ्हाड हलविले तरी पाटी जागच्या जागी राहते आणि रोगी मात्र बंद दारावरून परत फिरतो. संगणकातील सांकेतिक दुव्याची, ज्यास सिम्बॉलिक लिंक म्हणतात त्याची, प्रकृती नेमकी अशीच आहे. त्याच्या पोटात दुसऱ्या फाइलचा पत्ता तेवढा असतो, मजकूर नसतो.

याहून जुना प्रकार हार्ड लिंकचा. एकाच स्त्रीस माहेरचे एक नाव असावे व सासरचे दुसरे, तसा हा प्रकार. त्यांतले खरे कोणते, हा प्रश्नच उद्भवत नाही. एक नाव पुसले तरी दुसऱ्या नावाने फाइल सुखरूप राहते. परंतु हे नाते एका डिस्कच्या एकाच विभागापुरते असते, आणि फोल्डरास ते सहसा लाभत नाही. ही उणीव भरून काढणारा सांकेतिक दुवा बर्कले विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये १९८३ साली आला. १९९१ मध्ये ॲपलने ‘एलिअस’ आणला, १९९५ मध्ये विंडोजने ‘शॉर्टकट’ दिला. शॉर्टकटवर माणसाने माउस टेकविला की इष्ट फाइल उघडते. पण इतर प्रोग्रॅमांना सामान्यतः तिथे केवळ एक वेगळी छोटी फाइल दिसते. विंडोज २००० मध्ये ‘जंक्शन’ आले. ते फोल्डरांपुरते आणि त्याच संगणकाच्या डिस्कांपुरते. खरा सांकेतिक दुवा विंडोजला व्हिस्टाबरोबर लाभला. तो निर्माण करण्यास मात्र प्रशासकाचा अधिकार लागे. विंडोज १० मध्ये २०१७ साली, डेव्हलपर मोड चालू असल्यास, ती अट शिथिल झाली.

इतके प्रकार असताना निवड कशी करावी? ज्यास एकाच घरात नांदायचे आहे त्यास फारशी चिंता नाही. अडचण उद्भवते ती फाइल परघरी जाते तेव्हा. लिनक्सवर सिद्ध केलेला संग्रह एफएटी किंवा एक्सएफएटी पद्धतीच्या पेनड्राइव्हवर उतरविला, तर तिथे सांकेतिक दुव्यास जागाच नसते. नक्कल करणारा प्रोग्रॅम एक तर दुव्याऐवजी मूळ फाइल उतरवितो, नाहीतर दुवा गाळतो, नाहीतर अडून बसतो. गिट या साधनाने आणलेला दुवा, विंडोजवर दुव्यांची सोय बंद असल्यास, पत्त्याची एक ओळ असलेली साधी फाइल होऊन पडतो. वर्षानुवर्षांच्या श्रमाचा संग्रह जतन झाला असे मालक समजतो; प्रत्यक्षात जतन झालेल्या असतात त्या पाट्या!

म्हणून दोन प्रणालींत वावरणाऱ्या संग्रहात सापेक्ष पत्त्याचा सांकेतिक दुवाच सामान्यतः श्रेयस्कर. ‘शेजारच्या खोलीत’ असे लिहिले, तर सारा वाडा दुसऱ्या गावी उभारला तरी वाक्य खरे राहते. ‘अमुक पेठ, अमुक घर’ असे लिहिले, तर गाव बदलताच ते खोटे ठरते. विंडोजचा ‘सी’ ड्राइव्ह लिनक्सला ठाऊक नाही, आणि लिनक्सची अक्षरांतील लहान-मोठेपणाची शिस्त विंडोज सहसा पाळत नाही. यास्तव दुवा संग्रहाच्या सीमेतच राहावा, नावे एकाच वळणाची असावीत आणि फाइलकडे निर्देश आहे की फोल्डरकडे, हे विंडोजवर दुवा करतानाच ठरवावे. कारण तिथे ते दोन निरनिराळे प्रकार आहेत. जंक्शन विंडोजच्या एका संगणकापुरते ठेवावे. जिथे समोरच्या घरी दुवा कळेल याची खात्री नाही, तिथे जागेचा लोभ सोडून मूळ फाइलच द्यावी.

पाटीची सोय मोठी खरी. परंतु ज्या गावी ती वाचता येत नाही, त्या गावी वैद्यानेच जावे, हे बरे.